पार्किंगमधला पॉइंट

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली नोटीस मला घरमालक काकांनी फॉरवर्ड केली, कारण आमच्याकडे भाडेकरूंना त्या ग्रुपवर घेत नाहीत. नोटीस तीन ओळींची. कॉमन सॉकेटवर इलेक्ट्रिक गाड्या चार्ज करू नयेत, सभासदांनी आपल्या मीटरवरून स्वखर्चाने पॉइंट घ्यावा, त्यासाठी कमिटीकडे लेखी अर्ज करावा. खाली काकांचा मेसेज: "बघून घे रे हे."

मी सभासद नाही. मीटर काकांच्या नावावर, पार्किंगची जागा काकांच्या फ्लॅटची. माझी फक्त स्कूटर. आधीच्या सेक्रेटरींशी बोलून मी महिन्याला तीनशे रुपये भरत होतो आणि वॉचमनच्या केबिनशेजारच्या सॉकेटवर आठवड्यातून दोनदा गाडी लावत होतो. नवी कमिटी आली आणि ती तोंडी सोय एका मेसेजमध्ये संपली.

कमिटीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मार्च 2022 मध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ पुण्यात प्रत्येकाने पाहिलाय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला ई-स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली आणि वरच्या हॉटेलात उतरलेली माणसं धुरात अडकली, आठ जण गेले. त्यानंतर डिसेंबर 2022 पासून बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या. पण मीटिंगमध्ये "लोड वाढतो" हे जे ऐकवतात, ते मात्र मला पटत नाही. माझा चार्जर साडेसातशे वॅटचा आहे. इमारतीत रोज सकाळी जे गीझर लागतात, ते दोन-दोन हजार वॅटचे. पार्किंगमध्ये खरी काळजी करायची तर ढिल्या सॉकेटची आणि खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डाची करावी. आणि नीट पॉइंट मिळत नाही तेव्हाच लोक बोर्ड सोडतात.

मग मी नियम वाचायला बसलो. इंजिनिअरची सवय, आधी डॉक्युमेंटेशन. वाचून आधी बरं वाटलं. केंद्राच्या वीज मंत्रालयाच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की घरी किंवा ऑफिसात, असलेल्या वीजजोडणीवर आपली गाडी चार्ज करता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये ग्राहक हक्कांचे नियम बदलले आणि गाडीसाठी वेगळी जोडणी मागायची मुभा मिळाली. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 43 तर सरळ म्हणतं की जागेचा मालक किंवा ती वापरणारा, दोघांपैकी कुणीही वीज मागू शकतो. वापरणारा म्हणजे मी!

पण वायर पार्किंगपर्यंत जाते ती सोसायटीच्या भिंतीवरून, आणि तिथे 1960 चा सहकार कायदा लागतो. त्या कायद्याला सभासद दिसतो, वापरणारा दिसत नाही. आणखी गंमत म्हणजे ज्याला आपण भाडेकरार म्हणतो तो बहुतेक वेळा भाडेकरार नसतोच. 'लीव्ह अँड लायसन्स' असतं, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत राहायची परवानगी. अकरा महिन्यांची. परवानगीवर राहणाऱ्याने भिंतीला भोक पाडायची परवानगी मागायची, तीही मालकामार्फत. राज्याच्या 2021 च्या ईव्ही धोरणाने नव्या इमारतींत काही पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवायला सांगितलं, पण आमची इमारत 2006 ची.

वायरमन येऊन बघून गेला. मीटर रूमपासून काकांच्या पार्किंगपर्यंत पस्तीस मीटर आर्मर्ड केबल, एमसीबी, सब-मीटर, लॉक लागणारा बॉक्स, मजुरी. एकोणीस हजार. आता हिशोब बघा. वारज्यातून हिंजवडी जाऊन-येऊन तीस किलोमीटर, महिन्याला सातशेच्या आसपास. पेट्रोलच्या गाडीला सोळाशे-सतराशे लागायचे. विजेला पकडा तीनशे. म्हणजे महिन्याला वाचतात साधारण चौदाशे. एकोणीस हजार वसूल व्हायला चौदा महिने, आणि करार अकरा महिन्यांचा. त्यातले तीन संपलेले. शिवाय भिंतीत बसवलेली केबल टेम्पोत टाकून पुढच्या घरी नेता येत नाही.

बाहेर काय करतात हेही पाहिलं. जर्मनीत 1 डिसेंबर 2020 पासून चार्जिंगच्या कामाला घरमालकाची परवानगी मागण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच आहे, आणि मालकाला नुसतं "नको" म्हणून चालत नाही. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2015 नंतरच्या करारांसाठी तसाच कायदा आहे, काही अपवाद सोडून. खर्च मात्र तिथेही भाडेकरूच्याच खिशातून. पण तिकडच्या भाडेकरूला निदान काय मागायचं ते माहीत असतं. मी काकांना फोन केला तेव्हा मला हेही ठाऊक नव्हतं की मी हक्क मागतोय की उपकार.

काका सोलापूरला असतात. म्हणाले, "अरे बाबा, तुझ्या स्कूटरसाठी मी कमिटीशी भांडू का आता?"

"भांडू नका काका. फक्त अर्जावर सही करा, अर्ज मी लिहितो."

"आणि तू उद्या गेलास की?"

"पॉइंट तुमचाच राहील. पुढचा जो येईल त्याच्याकडेही स्कूटर असेलच."

त्यावर ते थोडे गप्प झाले. मग दोन आठवडे फोन, चर्चा, त्यांच्या मुलीचा सल्ला. शेवटी ठरलं ते असं: खर्च मी करायचा, वर्षाच्या आत घर सोडलं तर काका निम्मे पैसे परत देतील, त्यानंतर काही नाही. मी ते करारात लिहून घेऊया म्हटलं. काकांना जरा लागलं. "विश्वास नाही का?" विश्वास होता. पण तोंडी सोयीचं काय होतं ते मी नुकतंच पाहिलं होतं. पुरवणी करार झाला, काकांनी अर्जावर सही केली आणि स्पीड पोस्टाने पाठवला.

अर्ज कमिटीकडे आहे. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं सर्टिफिकेट मागितलं, ते दिलं. मग फायर एक्स्टिंग्विशर मागितला, तोही आणायची तयारी दाखवली. आता म्हणतात की सर्वसाधारण सभेत विषय घेऊ. त्या सभेला मला बसता येत नाही. काका येणार आहेत, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने.

तोवर गाडी ऑफिसच्या बेसमेंटमध्ये चार्ज होते. तिथे सहा पॉइंट आहेत आणि नऊ वाजता सगळे भरलेले असतात. म्हणून मी सव्वाआठला पोचतो. माझ्या आधी रोज एक मुलगी आलेली असते, टेस्टिंग टीममधली. तीही भाड्यानेच राहते.