बोअरचे पाणी

वर्गात आफ्रिकेचा नकाशा लावला की खचदरीतली दोन मोठी सरोवरे, टांगानिका आणि मलावी, मी छडीने दाखवते. उर्दूत आम्ही 'झील' म्हणतो. एकाचे पाणी काँगोकडे जाते, दुसऱ्याचे झांबेझीकडे. हे शिकवणाऱ्या मीच सोलापूरच्या बाजारातून 'आफ्रिकन मिक्स' म्हणून दोन्हीकडचे बारा मासे एका पिशवीत आणले.

मुलीने रंग पाहून बोट दाखवले, मी पैसे दिले. टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, तेवढीच उंच. पाणी जेमतेम 130 लिटर. पिवळ्या अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेला ऑरेटस सगळ्यांत देखणा होता. काही महिन्यांत तो काळानिळा पडू लागला. आम्हाला वाटले, आजारी आहे. तो आजारी नव्हता, वयात आला होता. ऑरेटसचा नर असाच गडद होतो आणि सगळी टाकी आपल्या मालकीची समजतो.

फजरनंतर दिवा लावला की फिल्टरच्या नळीमागे पंख फाटलेला एखादा मासा दिसे. मोठेपणी फूटभर होणारा टांगानिकाचा फ्रंटोसा आमच्याकडे बोटभर असतानाच गेला. असे सात गेले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "बेजुबान जानवर हैं. तुमने कैद किया, जवाब भी तुमकोच देना है." मुलगी टाकीकडे फिरकेनाशी झाली. तलावात मार खाल्लेला मासा दुसऱ्या खडकाआड निघून जातो. आमच्या काचेत तो जाणार कुठे?

उरलेले पाच मी दुकानात परत नेले. दुकानदाराने माझ्यादेखत ऑरेटस पुन्हा त्याच मिक्समध्ये सोडला. शेजारी एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन उभे होते. मी काही बोलले नाही, हे अजून बोचते.

मग बी.एड.ला केला नव्हता इतका अभ्यास केला. एवढ्या टाकीत एकच जात ठेवायची ठरवली. टांगानिकाचे शंखात राहणारे दोन इंची मासे चालले असते, पण मुलीला पिवळेच हवे होते. म्हणून मलावीचे यलो लॅब आणले. वाढून चारेक इंच होतात आणि खडकात राहणाऱ्या आपल्या भाऊबंदांत स्वभावाने बरेच नरम. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही, म्हणून सात पिल्ले एकत्र वाढवली. जास्तीचा नर भांडू लागला तेव्हा काढला. दगड आधी तळाच्या काचेवर रचले, वाळू मागाहून घातली. हे मासे वाळू उकरतात, आणि वाळूवर ठेवलेला दगड ढासळतो.

आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, नळाला पांढरा थर बसतो. जन्मभर त्याला नावे ठेवली. या माशांना असेच जड, आठच्या आसपास पीएचचे पाणी मानवते. घरात त्या पाण्याची प्रथमच कदर झाली.

रमजानच्या सुरुवातीला एका मादीचा गळा फुगलेला दिसला. ती अंडी तोंडात धरते आणि पिल्ले बाहेर सोडेपर्यंत, तीनेक आठवडे, जवळजवळ काहीच खात नाही. मुलगी पुन्हा टाकीपुढे बसू लागली. एका संध्याकाळी खजूर हातात घेऊन म्हणाली, "अम्मी, इसकी तो न सहरी, न इफ्तार."

शेवटच्या अशऱ्यात दगडांच्या फटीत काहीतरी हलले. तिने अकरा पिल्ले मोजली. मला नऊच दिसली.