हळदीच्या पानाचा वास



गेल्या श्रावणात कामानिमित्त हैदराबादला जाणे झाले. धर्मग्रामाच्या सणासाठी दोन मोठी पातेली घ्यावीत म्हणून मी बेगम बाजारात शिरलो. निजाम अली खानाच्या बेगमेने ही जागा व्यापाऱ्यांना दिली असे सांगतात. आज ती भांडी, मसाले व सुकामेवा यांची मोठी घाऊक पेठ आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. माझी मराठी ऐकून दुकानदार हरखले. "फादर, आज नागपंचमी. घरी चार घास खाल्ल्याशिवाय जायचे नाही," असे म्हणून ते मला मागच्या गल्लीतील आपल्या घरी घेऊन गेले.

जिना चढतानाच ओळखीचा वास आला. वाफाळलेल्या हळदीच्या पानाचा!

त्यांच्या मातोश्री मूळच्या रत्नागिरीकडील. केवळ पानांसाठी त्यांनी गच्चीवर कुंडीत हळद लावली होती. तांदूळ भिजवून वाटावेत, ते वाटण पानावर पातळ सारवावे, मधोमध ओल्या नारळाचे व गुळाचे चून पसरावे, पान उभे मिटून वाफवावे, हे पातोळे. शेजारच्या ताटलीत काकडी, रवा व गूळ यांचे धोंडस होते.

आमच्या सावंतवाडीकडे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, १५ ऑगस्टला, हेच पातोळे करतात. मी सेमिनरीत असताना एका वर्षी आई ते डब्यात घेऊन एस.टी.ने इतक्या दूर आली होती. शहरातील सोबत्यांसमोर मला संकोच वाटला. "आई, असले खेड्यातले पदार्थ इथे आणू नकोस," असे मी बोलून गेलो. तिने मुकाट्याने डब्याचे झाकण लावले. पुढच्या वर्षी तिने बेकरीची बिस्किटे आणली. पातोळे पुन्हा कधीच आणले नाहीत. आज ती हयात नाही.

मलाक्का व सिंगापूर येथे चिनी व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या वंशजांचा पेरानाकन नावाचा समाज आहे. त्यांच्या घरीही चिकट तांदळाच्या पिठात नारळ व माडाचा गूळ भरून, केळीच्या पानात गुंडाळून वाफवतात. ज्याला मी 'खेड्यातले' म्हणून हिणवले, ते समुद्रापलीकडच्या आयाही त्याच निगुतीने करीत आहेत. लाज पदार्थाची नव्हती. माझ्या कोत्या मनाची होती.

"आणखी एक वाढू का?" मातोश्रींनी विचारले. आईला जे म्हणायचे राहून गेले, ते मी त्यांना म्हणालो, "वाढा, आई. फार सुरेख झाले आहेत."

वाचकहो, ज्यांची आई अद्याप चुलीपाशी आहे, त्यांनी या सणाला तिच्याजवळ बसून खावे, आणि चांगले झाले आहे हे तिला तोंडाने सांगावे.