पेट्रोलची धार

१९८७चा मे महिना. अप्पांची पद्मिनी खंबाटकीच्या पहिल्याच चढाला अडखळली. थर्डमधून सेकंड टाकून त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, पण गाडी पुढं झेपावलीच नाही. क्षणभर तिनं दम खाल्ला, एक गचका दिला आणि मग कशीबशी निघाली. मागून एसटी हॉर्न मारत होती. अप्पांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि पेट्रोल पंपावर ओला फडका टाकला. उन्हाळ्यात घाट चढताना पाइपातच पेट्रोलची वाफ व्हायची, म्हणून गाडीत पाण्याचा कॅन असायचाच. पंप निवला, आम्ही साताऱ्याला पोचलो, पण गचका काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींकडे. त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी खुर्ची ओढली आणि विचारायला सुरुवात केली. थंड असताना करती का गरम झाल्याव? सारखा पाय दिला की, का एकदम दाबला की? जाग्याव रेस दिली तरी करती? अप्पा प्रत्येक प्रश्नाला नीट आठवून उत्तर देत होते. तेवढ्यानं निम्मं निदान झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग त्यांनी चारही प्लग काढून रुमालावर ओळीनं मांडले. टोक विटकरी असेल तर इंजिनाचं पोट ठीक, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी. डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं, झाकण उघडून पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवला, फीलर गेजची पाती घालून गॅप बघितला. व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून हवा ओढली आणि टोकाला जीभ लावली. जीभ धरून राहिली, म्हणजे आतला पडदा शाबूत. शेवटी एअर फिल्टर काढला आणि मला हाक मारली, "हिकडं ये, वाकून बघ."

मी दहा वर्षांचा होतो. कार्बोरेटरच्या घशात त्यांनी बॅटरीचा उजेड पाडला आणि हातानं ॲक्सिलरेटरची दांडी ओढली. आत बारीक नळीच्या तोंडाशी पेट्रोलचा एक थेंब जमला, लोंबला आणि ओघळून गेला. "धार पायजे," ते म्हणाले, "थेंब नाय."

पाय एकदम दाबला की झडप उघडते आणि हवा तत्क्षणी आत घुसते. पेट्रोल जड, ते मागं राहतं. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन ठेचकाळतं. ती उणीव भरून काढायला कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप असतो, पाय दाबताक्षणी तो पेट्रोलची पिचकारी मारतो. आमच्या पंपाचा रबरी पडदा कडक झाला होता. नवा बसला, जेट तोंडानं फुंकून साफ झाला (तार घालायची नाही, भोक मोठं होतं), आणि मेस्त्रींनी पुन्हा दांडी ओढली. सरळ, तेजदार धार! पेट्रोलच्या वासासकट ती मला अजून दिसते.

त्या गाडीचं कौतुक मी डोळे झाकून करणार नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मेस्त्रींची वारी ठरलेली. डिकीत पॉइंट, कंडेन्सर, प्लग, फॅनबेल्ट. थंडीत चोक ओढून दहा मिनिटं घरघर. १०८९ सीसीचं ते इंजिन बाहेर किती धूर सोडतं, याचा हिशेब तेव्हा कुणी मागत नव्हतं. दोन हजार सालच्या सुमाराला नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, इंजेक्टर आले. धार आजही उडते, पण आता ती बंद पोटात, कॉम्प्युटरच्या हुकमानं. वाकून बघायला काही उरलं नाही. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरल्याची बातमी मी अप्पांना वाचून दाखवली, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

गेल्या पावसाळ्यात माझी गाडी तशीच अडखळायला लागली. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. स्कॅनर लावला, एकही कोड नाही. थ्रॉटल बॉडी साफ केली, प्लग बदलले, बिल हातात ठेवलं. गचका तिथंच. पैशांचं मला एवढं वाटलं नाही. गाडी कधी अडखळते, हे कुणी विचारलंच नाही आणि माझ्याबरोबर कुणी एक चक्करही मारली नाही, ते लागलं.

मग पोवई नाक्याजवळच्या एका छोट्या गॅरेजात गेलो. पंचविशीतला पोरगा. त्याच्याकडेही स्कॅनरच होता. पण त्यानं आधी विचारलं, "काका, जागेवर रेस दिली तर करते का?" मी म्हणालो, नाही, चालतीला जोर दिला तरच. तो स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसला. चढाला मी पाय दाबला आणि पडद्यावरचा आकडा पाचावरून विसाच्या वर चढला. गाडीचा कॉम्प्युटर नेहमीपेक्षा वीस टक्के जास्त पेट्रोल ओतत होता, म्हणजे कुठून तरी बेहिशेबी हवा आत शिरत होती. परत आल्यावर त्यानं एअर फिल्टरपासून थ्रॉटलकडे जाणारा भात्यासारखा रबरी पाइप दोन्ही हातांनी ताणला.

"काका, इकडं या, बघा."

दोन चुण्यांच्या मध्ये बोटभर भेग होती. गाडी उभी असताना मिटलेली. जोर दिल्यावर इंजिन कलायचं, पाइप ताणला जायचा आणि भेग उघडायची.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून पाइप आला. यवतेश्वरचा चढ सेकंडमध्ये घेतला, गाडी एकदाही दचकली नाही. घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. इंजेक्टर, आकडे, वीस टक्के, सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्यानं तुला दाखवलं का?"