दोन विकेट आणि ९१७ चेंडू

आमची शाळा लकडगंजची. आजूबाजूला लाकडाच्या वखारी, दिवसभर आरा मशीनचा आवाज. त्या आवाजातच मी पाचवीला भागाकार शिकवते. आंबे वाटायची तीच ती गणितं करून मुलं कंटाळतात, म्हणून यंदा आपल्या नागपूरचाच एक क्रिकेटपटू वर्गात आणला.

सी. एस. नायडू. जन्म नागपूरचा, १८ एप्रिल १९१४. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू हे त्यांचे थोरले भाऊ. सी. के. सगळ्यांना माहीत, धाकट्याचं नाव आमच्या स्टाफरूममध्येही कुणी ऐकलं नव्हतं.

फळ्यावर पहिलं उदाहरण लिहिलं. सी. एस. लेगस्पिन टाकायचे. ११ कसोटी सामन्यांत त्यांनी ३५९ धावा दिल्या आणि २ विकेट घेतल्या. तर एका विकेटमागे किती धावा? भागाकार १७९, बाकी १.

"मॅडम, हा तं फेलच झाला ना!"

वर्ग हसला. मीही हसले.

मग दुसरं उदाहरण. मार्च १९४५, मुंबईत रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध होळकर. होळकरकडून सी. एस. यांनी दोन्ही डाव मिळून ९१७ चेंडू टाकले. षटकं किती? १५२, आणि वर ५ चेंडू. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात एवढे चेंडू दुसऱ्या कुणीच टाकलेले नाहीत. ४२८ धावा दिल्या, ११ विकेट घेतल्या. तरी होळकर ३७४ धावांनी हरले.

वर्ग गप्प. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, त्यायचा खांदा दुखला नसन का?" त्याचे वडील वखारीत हमाली करतात.

याच मुलाला चाचणीत भागाकाराच्या दहा गणितांपैकी दोनच बरोबर आली होती. वर्णनात्मक नोंदीत मी लिहिलं होतं, 'सरावाची गरज आहे.' खरं सांगते, हे वाक्य मी अर्ध्या वर्गाला लिहिते.

मधल्या सुट्टीत त्याची वही पुन्हा काढली. एकेक भागाकार तीन-तीनदा मांडलेला, खोडलेला, परत मांडलेला. सराव कमी नव्हताच. चूक मात्र जवळपास सगळीकडे एकच होती: ६१८ भागिले ६, उत्तर १३. मधलं शून्य तो द्यायचाच नाही. आणि ते शून्य का द्यायचं, हे मी त्याला नीट समजावलंच नव्हतं.

गुण बदलले नाहीत. दोन म्हणजे दोनच, सी. एस. यांच्या कसोटी विकेटही दोनच राहिल्या. नोंद मात्र बदलली: 'चिकाटीने सोडवतो. भागाकारातील शून्य समजावून द्यावे.' त्यातलं दुसरं वाक्य माझ्यासाठी आहे.

पालकांनो, प्रगतिपत्रक हातात आलं की रागावण्याआधी एकदा पोराची वही उघडून बघा. आणि आपण शिक्षकांनी ती नोंद लिहिण्याआधीच उघडावी.