पावसाचे नाव

सरकारी कामानिमित्त मेक्सिकोस जाण्याचा योग २०१९ च्या जुलैत आला. काम आटोपल्यावर दोन दिवस हाती उरले. ते मी युकातान प्रांतातील उश्माल येथे घालविले. मेरिदा शहराच्या दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरवर, झुडपी रानात, माया लोकांच्या या नगरीचे अवशेष उभे आहेत आणि त्यांच्या अगदी शेजारी हॉटेल आहे. माझ्या खोलीपुढील व्हरांड्यातून झाडांच्या शेंड्यांवर मोठ्या पिरॅमिडचा माथा दिसे.

नव्या गावी उतरल्यावर पाण्याची चौकशी आधी करावयाची, ही आपणा बदलीच्या माणसांची सवय. उश्मालला नदी नाही. चुनखडीच्या त्या प्रदेशात पाणी खोल मुरते. तरीही इ. स. ७०० ते १००० च्या सुमारास तेथे मोठी वस्ती नांदली, ती पावसाच्या साठविलेल्या पाण्यावर. फरसबंदीला उतार देऊन ते पाणी जमिनीखालच्या, आतून गिलावा केलेल्या टाक्यांत सोडीत. कान्हेरीच्या लेण्यांपाशी कोरलेली टाकी ज्याने पाहिली आहेत, त्याला ही युक्ती परकी वाटणार नाही. इमारतींच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर लांब, वळलेल्या नाकाचे मुखवटे रचलेले आहेत. ते ‘चाक’ नावाच्या पर्जन्यदेवाचे, असे मानतात.

तो पिरॅमिड म्हणे अंड्यातून जन्मलेल्या एका बुटक्याने एका रात्रीत बांधला! जॉन लॉइड स्टीफन्स या अमेरिकन प्रवाशाने ही कथा १८४० मध्ये तेथेच ऐकून लिहून ठेवली. अंबरनाथचे देऊळ पांडवांनी एका रात्रीत उभारले, ही कथा ऐकत वाढलेल्या मला हसू आले. इतर इमारतींना ‘गव्हर्नरचा वाडा’, ‘जोगिणींचा मठ’ ही नावे स्पॅनिश लोकांनी दिलेली. जवळच्याच मानी गावी १५६२ मध्ये दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पोथ्यांची होळी केली. आज जगात चारच माया पोथ्या उरल्या आहेत. हे सारे वाचून आपण ‘लुप्त संस्कृती’ असे म्हणतो आणि मोकळे होतो. मीही तसेच म्हणत जेवावयास गेलो.

जेवणघरात मी एकटाच होतो. पुढ्यात मक्याच्या पातळ भाकरी आणि काळ्या घेवड्याची उसळ होती. एकाएकी पाऊस आला. वाढणारे वृद्ध गृहस्थ खिडकीशी थबकले आणि स्वयंपाकघराकडे वळून काहीसे बोलले. त्यात ‘चाक’ हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. आतून एका बाईंनी त्याच भाषेत उत्तर दिले.

‘‘देवाचे नाव घेतलेत?’’ मी विचारले.

‘‘नाही,’’ ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, ‘‘पाऊस आला, एवढेच सांगितले. पावसालाही आम्ही चाकच म्हणतो.’’

बाहेर ज्या नावापुढे मी पुराणवस्तू म्हणून उभा राहिलो होतो, ते येथे वाळत घातलेले कपडे आत आणा म्हणून सांगण्याच्या कामी येत होते. मेक्सिकोत आजही सात लाखांहून अधिक लोक ही भाषा बोलतात.

‘‘घरी मुले बोलतात का?’’

‘‘मुलांना समजते. नातवंडांना तेही नाही. ती मेरिदाला असतात.’’

‘‘मग आपण शिकवीत का नाही?’’

ते जरा थांबले. ‘‘ती दोन दिवसांसाठी येतात, साहेब. तेवढ्या वेळात आम्हांला त्यांच्याशी बोलावयाचे असते. शिकविण्यात वेळ कोण घालवील? म्हणून आम्हीच स्पॅनिश बोलतो.’’

पोथ्या जाळणाऱ्याला जे साधले नाही, ते या मायेने साधावे! या विचाराने मला झोप येईना. दिल्लीत एकवीस वर्षे काढल्यावर मी तरी निराळे काय केले होते? मुलीला चटकन समजावे, तिने चटकन हसावे, म्हणून मीच हिंदीकडे वळलो होतो. कोणी सक्ती केली नव्हती.

रात्री खोलीतल्या फोनवरून घरी बोललो. दिल्लीत सकाळ झाली होती.

‘‘पाऊस झाला का ग तिकडे?’’

‘‘हाँ पापा, हुई थी.’’

नेहमीप्रमाणे पुढचे हिंदीतच विचारणार होतो. थांबलो आणि तोच प्रश्न पुन्हा मराठीत विचारला. पलीकडे क्षणभर शांतता. मग चाचरत उत्तर आले :

‘‘पडला ना, बाबा. पण थोडाच.’’

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या बिलात त्या फोनची रक्कम बरीच मोठी होती. ती मी आनंदाने भरली.