काडलो मरे फोटो?

२००४ साली चवथीच्या तोंडावर महागाई भत्त्याची थकबाकी हातात पडली आणि मी पणजीला जाऊन डिजिटल कॅमेरा घेऊन आलो. सरकारी नोकरीत चिकटून जेमतेम चार वर्षे झाली होती. घरच्यांची समजूत होती की मी स्कूटर घेणार. कॅमेरा पाहून वडील एवढेच म्हणाले, "हाचेर बसून ऑफिसांत वतलो?" पुढे आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतेच बोलत होते.

कॅमेरा तीन मेगापिक्सेलचा, चार पेन्सिल सेल खाणारा. खाणारा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. डोक्यावर एक गोल चकती आणि तिच्यावर चित्रे: डोंगर, पळणारा माणूस, चंद्र, आणि शेवटी सिनेमाच्या कॅमेऱ्याचे एक बारके चित्र. दुकानदार म्हणाला, यात व्हिडिओसुद्धा येतो, पण तो असाच, खेळण्यातला. त्याचे चुकीचे नव्हते. चित्र मोठे ठेवले तर फक्त तीस सेकंद, लहान ठेवले तर तीन मिनिटे. लहान म्हणजे संगणकाच्या पडद्यावर पोस्टकार्डाएवढे. आवाज जुन्या टेलिफोनवरून यावा तसा. चित्रण चालू असताना झूम हलायचा नाही, कारण भिंगाच्या मोटरची घरघर शेजारच्याच माइकमध्ये शिरली असती. मी १२८ एमबीचे जादा कार्ड घेतले होते, त्यात अशी सहा-सात मिनिटे कशीबशी मावत, आणि तीही एकही फोटो काढला नाही तर.

एवढी कंजुषी का, हे मला बरेच नंतर कळले. त्या कॅमेऱ्यांना व्हिडिओ असा वेगळा जमतच नव्हता. ते सेकंदाला पंधरा-वीस फोटो काढायचे, प्रत्येक फोटो स्वतंत्र दाबून बसवायचे आणि सगळे एका फाइलीत ओळीने ओवायचे. हल्लीचे कॅमेरे दोन चित्रांतला फरक तेवढा लिहून ठेवतात, तशी काटकसर त्यांना ठाऊक नव्हती. त्यामुळे कार्ड भरायचे आणि कॅमेरा धापा टाकायचा. मला मात्र ही कल्पना फार आवडली. फाळकेही मुळात फोटोवालेच ना! बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला, आणि सिनेमात शिरताना १९१२ साली त्यांनी पहिल्यांदा केले काय, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपत नेली. 'अंकुराची वाढ'. त्यांच्यापाशी सिनेमाचा कॅमेरा होता आणि त्यांनी तो फोटोच्या कॅमेऱ्यासारखा वापरला. माझे नेमके उलटे चालले होते. फाळक्यांशी बरोबरी करण्याचा इरादा नाही, गोष्ट आठवली म्हणून सांगितली.

तर हा कॅमेरा घेऊन जानेवारी २००५ मध्ये मी सुरतेला गेलो.

सुरत म्हटली की आपल्याला १६६४ आणि १६७० ही दोनच साले आठवतात. तिकडच्या लोकांनाही आठवतात. मावशीच्या शेजाऱ्यांनी माझी बॅग बघून, "आ वखते शुं लूंटवा आव्या?" असे हसत हसत विचारले होतेच. माझी धाकटी मावशी लग्न होऊन सुरतेला गेली ती माझ्या जन्माआधी. तिचे यजमान, आमचे काका, डिचोलीकडचे. रिंग रोडवरच्या कापड मार्केटात एका पेढीवर हिशेब लिहायचे. अडाजणला तळमजल्यावर दोन खोल्यांचे घर. मुलगी बाहेर गुजराती बोलायची, घरात मराठी. नवरा-बायकोची कोंकणी फक्त एकमेकांपुरती आणि गोव्याहून कोणी आले तर त्याच्यापुरती उरली होती.

मी मुद्दाम उत्तरायण साधून गेलो होतो. आपल्याकडे संक्रांत म्हणजे हळदीकुंकू आणि तिळगूळ. तिथे चौदा जानेवारीला पहाटेपासून सगळे शहर गच्चीवर. प्रत्येक गच्चीवर वेगळी गाणी, डबगरवाडचा मांजा, बोटांना चिकटपट्ट्या, आणि कोणाचाही पतंग कापला गेला की आभाळ फाटेल अशी आरोळी, "काय्पो छे!" दुपारी उंधियू आणि जिलेबी. मी वेडाच झालो. चकती सिनेमावर फिरवली आणि आभाळाकडे रोखली. तासाभरात कार्ड भरले.

आता इथे मी जे केले ते सांगतो. आदल्या दिवशी मी मावशीच्या स्वयंपाकघरात दोन तुकडे घेतले होते. ती पापडी सोलत होती, सोलता सोलता आमच्या आजीच्या गोष्टी सांगत होती. एक तीन मिनिटांचा, एक जवळपास दोनचा. पतंगांसाठी जागा हवी म्हणून मी गच्चीवर उभ्याउभ्या ते दोन्ही पुसले. कॅमेऱ्याने नियमाप्रमाणे विचारले, नक्की ना? मी हो म्हटले. मावशी खाली होतीच की! पुन्हा घेता आले असते. घेतले नाहीत.

गोव्याला येऊन ऑफिसातल्या मित्राच्या संगणकावर पाहिले तर पतंग दिसतच नव्हते. पोस्टकार्डाएवढ्या चित्रात दूरचा पतंग किती दिसणार? दोन टिंबे, कधी तीही नाहीत. कोरे आभाळ, डळमळणारी टाकी आणि मागे नुसता आरडाओरडा. असली यंत्रे दूरचे पाहायला नव्हतीच. हाताच्या अंतरावरचे तेवढे पाहायची. स्वयंपाकघर हे त्यांचे खरे ठिकाण, आणि मी तेच पुसून बसलो होतो.

एक तुकडा मात्र वाचला, कारण तो मी घेतला हेच मला माहीत नव्हते.

पंधरा तारखेच्या सकाळी निघायच्या आधी मी मावशी-काकांचा जोडीने फोटो काढायचे ठरवले. दोघांना दारात उभे केले. उभी माणसे पूर्ण यावीत म्हणून फोटोसाठी धरतात तसा कॅमेरा उभा धरला. बटण दाबले. आवाज आला नाही. चकती आदल्या दिवसापासून सिनेमावरच राहिली होती, हे लक्षातच आले नाही. मला वाटले सेल उतरले. मी तसाच डोळा लावून थांबलो आणि समोर ती दोघे फोटोला थांबतात तशी थांबली. मावशी ताठ, पापणी न हलवता. काका तिच्याहून ताठ. आठ-दहा सेकंद कोणी काही बोलत नाही. मग ओठ न हलवता मावशीचा आवाज येतो, "काडलो मरे फोटो?"

माझा आवाज: "राव गे मावशी, कितें तरी जालां." आणि कॅमेरा थोडा कलतो.

फोटो बारगळला असे समजून ती सैल होते. खांद्यावरचा पदर सारखा करते. काकांच्या गालाला काहीतरी लागलेले असते, ते अंगठ्याने पुसते आणि म्हणते, "तूं हांसलोच ना. फोटोंत केन्नाच हांसना तूं." काका म्हणतात, "तूं हांसता न्ही, पुरो." मग ती खरोखरच हसते, ते तिच्याकडे बघतात, आणि तीस सेकंद संपतात.

आमच्या घरांतल्या रीती ज्यांना माहीत आहेत त्यांना यात काय आहे ते वेगळे सांगायला नको. मावशीने काकांना माझ्या देखत कधी 'तूं' म्हटलेले मी ऐकले नव्हते. "तुमी जेवतले मू?", "हांकां विचार", हीच तिची भाषा. नाव घेण्याचा तर प्रश्नच नाही. ही दोघे दार लोटल्यावर एकमेकांना काय म्हणतात, ते जगात कोणालाच माहीत नव्हते.

पुढच्या वर्षी पूर आला. ऑगस्ट २००६. सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर उकाई धरण आहे. तिथे पाणी मावेना म्हणून सोडत सोडत विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या आसपास गेला. त्यात नारळी पौर्णिमेची भरती, समुद्र पाणी घेईना. सात तारखेपासून तापी शहरात शिरली आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. अडाजण तर पुरतेच. मावशी-काका वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे चढून गेले. आमचा फोन चौथ्या दिवशी लागला. माणसे सुखरूप होती. खालच्या दोन खोल्यांत छातीच्या वरपर्यंत पाणी आणि ते ओसरल्यावर गुडघाभर गाळ. फोटोंचे अल्बम ओल्या पापडांसारखे एकमेकांना चिकटलेले. मुलीच्या लग्नाच्या तीन व्हिडिओ कॅसेटी होत्या; त्यांतून काका चमच्याने चिखल काढत होते, असे मावशीने सांगितले.

मी माझ्याकडचे सगळे फोटो छापून आणि एका सीडीवर घालून २००७ च्या मेमध्ये सुरतेला नेले. काका पेढीवर गेले असताना शेजारच्या मुलाच्या संगणकावर मावशीला दाखवले. शेवटी तो तुकडाही लावला. उभा कॅमेरा धरून काढलेला फोटो नंतर सरळ करता येतो. त्या वेळी आमच्यापैकी कोणालाच व्हिडिओ सरळ करणे येत नव्हते. पडद्यावर ती दोघे भिंतीला पाय लावून आडवी. मावशी पोट धरून हसली. "हांव आडवी कित्याक पडल्यां रे?" मग मान वाकडी करून बघू लागली. 'तूं' आले आणि तिचे हसू थांबले. शेजारच्या मुलाला कोंकणी कळत नव्हती, तरी तिने त्याच्याकडे पाहिले.

"पुसून उडय तें," ती म्हणाली.

मी हो म्हटले. मी पुसले नाही.

नंतरच्या वर्षांत कॅमेऱ्यांचे दिवस पालटले. २००८ साली निकॉनच्या डी-९० मध्ये, म्हणजे भिंगे बदलता येणाऱ्या चांगल्या फोटोच्या कॅमेऱ्यात, पहिल्यांदा व्हिडिओ आला आणि काही आठवड्यांतच कॅननचा ५-डी मार्क-२ पूर्ण एचडी घेऊन जाहीर झाला. खेळणे संपले. लग्नातले हॅलोजनवाले, खांद्यावर धूड घेऊन फिरणारे शूटिंगवाले हळूहळू नाहीसे झाले. तरी हे कॅमेरे तीस मिनिटांच्या आत थांबायचे, २९ मिनिटे ५९ सेकंदांवर. कारण ऐकून माझ्यातला कारकून खूष झाला. युरोपच्या जकातीच्या वर्गवारीत, ८०० बाय ६०० किंवा त्याहून मोठे चित्र सेकंदाला २३ किंवा अधिक चौकटींनी सलग तीस मिनिटे टिपणारे यंत्र म्हणजे व्हिडिओ कॅमेरा, आणि त्याला शुल्क. एक सेकंद कमी, तर फोटोचा कॅमेरा, शुल्क माफ. कागद कोणत्या फाइलीत लागतो यावर त्याचे नशीब ठरते, हे आमच्या मामलेदार कचेरीत शिपाईसुद्धा सांगेल. पुढे ते शुल्क गेले आणि नव्या कॅमेऱ्यांतून हळूहळू ती मर्यादाही.

मावशी २०१७ च्या पावसाळ्यात गेली. पुढल्या वर्षी डिसेंबरात तिच्या नातीचे लग्न सुरतेलाच झाले. शूटिंगला तीन मुलगे, तिघांच्या हातांत फोटोचेच कॅमेरे, एकाचा झुलत्या दांडीवर. आणि एक ड्रोन. नंतर त्यांनी केलेली फिल्म मी पाहिली. सुरेखच होती, खोटे कशाला बोलू. मागचे सगळे धूसर, माणसे संथ चालतात, अक्षता तरंगत खाली येतात. पण वीस मिनिटांत एकही माणूस बोलत नाही. सगळे ओठ हलतात आणि वर गाणे.

लग्नाच्या रात्री पाहुणे पांगल्यावर काका माझ्या खाटेपाशी येऊन बसले. पंच्याहत्तरी उलटलेली, ऐकू कमी येत होते. म्हणाले, मावशीचा आवाज असलेले तुझ्याकडे काही आहे का? मुलीच्या मोबाइलात आहे ते सगळे शेवटच्या आजारपणातले आहे, ते मला नको.

लॅपटॉप बरोबर होता. तुकडा त्यात होता. संगणक बदलला की मी पहिल्यांदा तो उचलत आलो होतो. मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. तिला हो म्हटले होते, ते मनात होते. मग लावला.

काकांनी कान पडद्यापाशी नेला. "काडलो मरे फोटो?" येताच चेहरा उजळला. पुढचे ऐकून ते गप्प झाले. पुन्हा लाव, अशी हाताने खूण केली. तिसऱ्या वेळेला ते ऐकत नव्हते, बघत होते, मान खांद्यावर टाकून. एव्हाना मला चित्र सरळ करता येत होते. एका बटणाचे काम. मी म्हटले, "काका, रावात, सारकें करतां."

"रावूं दी तशेंच," काका म्हणाले, आणि मान तशीच ठेवून त्यांनी स्वतःच बटण दाबले.