नावं शेवटाकडून वाच

शेंदूरजनाघाट,
ता. वरूड

चि. छकुली,

शरीररचनेचं पुस्तक उघडलं की रडू येतं, मराठी शाळेत शिकल्यामुळं मागे पडले, असं तू फोनवर म्हणालीस. तेव्हापासून माझ्या मनात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहिते. नर्स म्हणून वॉर्डात आयुष्य काढलंय मी. ही नावं घोकून डोक्यात राहत नाहीत, ती फोडावी लागतात. आणि फोडणं तुला येतं. शाळेत समासाचा विग्रह करत होतीस, तेच हे काम.

मूत्राशय, पित्ताशय, गर्भाशय ही नावं तुला कोणी समजावली नव्हती. आशय म्हणजे साठायची जागा, एवढं कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. तुझ्या पुस्तकातही तसंच आहे. फक्त तिथं सुरुवात शेवटाकडून कर. पेरिकार्डायटिस घे. आयटिस म्हणजे दाह, कार्डि म्हणजे हृदय, पेरि म्हणजे भोवती. झालं, हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह. हे पेरि आणि आपलं परि एकाच घराण्यातले आहेत बरं. ऑस्टिओ आणि अस्थि, डेंट आणि दंत, गुडघ्याचं जेनू आणि आपलं जानु, हायपर आणि उपरि, सगळे नातलग. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं होतं. मराठी शाळेतून तू रिकाम्या हातानं गेलेली नाहीस, पोरी.

एकाच अवयवाला दोन-दोन नावं का, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. मूत्रपिंडाची रक्तवाहिनी रीनल आणि त्याच मूत्रपिंडाला सूज आली की नेफ्रायटिस. फुप्फुसाची धमनी पल्मोनरी, आजार मात्र न्यूमोनिया. याचं कारण इतिहासात आहे. वेसेलियसनं १५४३ मध्ये शरीररचनेचा मोठा ग्रंथ छापला तो लॅटिनमध्ये, आणि पुढंही अवयवांची नावं बहुतेक लॅटिनच राहिली. आजारांची नावं मात्र हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतून ग्रीक आली. ढोबळ नियम म्हणून एवढं धर, की अवयव दाखवायचा तर लॅटिन आणि दुखणं सांगायचं तर ग्रीक. अपवाद पुष्कळ सापडतील. यकृताचं हेपॅटिक दोन्हीकडं ग्रीकच आहे.

काही नावं तर आपल्या पन्हेरीतल्या कलमासारखी आहेत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात ना, तसा अपेंडिक्स हा लॅटिन खुंट आणि त्यावर आयटिस हा ग्रीक डोळा. अपेंडिसायटिस हे नाव रेजिनाल्ड फिट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १८८६ साली रूढ केलं.

पूर्वी तर एकेका भागाला गावोगावी वेगळं नाव होतं. १८९५ साली बाझेलला जमलेल्या शरीरशास्त्रज्ञांनी सुमारे ५० हजार नावांतून सुमारे ५ हजार ठेवली. तुझ्या वाट्याला आलंय ते निवडून, पाखडून आलंय.

आता जिथं घाई करायची नाही ते सांगते. इलियम हा शब्द देवनागरीत एकच दिसतो आणि कानालाही एकच लागतो. इंग्रजी स्पेलिंगात तिसरं अक्षर ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय असेल तर कमरेचं हाड. कोलेक्टॉमी म्हणजे मोठं आतडं काढून टाकणं, आणि कोलॉस्टॉमी म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर आणून ठेवणं. तोंडी निरोपात या दोन शब्दांची गफलत होता कामा नये. ऐकलंस की लिहून घे आणि लिहिलेलं परत वाचून दाखव. पायाच्या पेरोनियल नसेची पेरिनियल भागाशी गल्लत होते, म्हणून १९९८ च्या आंतरराष्ट्रीय यादीत त्या नसेला फिब्युलर हे नाव दिलं गेलं. जाणत्यांनाही नाव बदलावं लागलं, मग आपण तर जपूनच असावं.

आणि नाव फोडलं म्हणजे अवयव कळला, असं मुळीच समजू नकोस. आर्टरी या नावामागं हवेची नळी ही जुनी कल्पना आहे, कारण मृतदेहात धमन्या रिकाम्या सापडत. त्यांत रक्तच असतं, हे गॅलेननं दाखवलं तरी नाव तेच राहिलं. आपल्या धमनीतही ध्मा म्हणजे फुंकणं हा धातू आहे. म्हणून शब्द पाठ करताना बोटं मनगटावर ठेव, नाडी लागू दे. कॉलेजातला सांगाडा हाताळ. फिमर म्हणताना मांडी चाचप, टिबिया म्हणताना नडगी.

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हे. तू शिकशील ती नावं डॉक्टरांशी बोलायला. खाटेवरच्या माणसाला कोलॉस्टॉमी म्हणून सोडून देऊ नकोस. त्याला सांग, बाबा, आतड्याचं तोंड पोटावर काढलंय, आता शी इथून पिशवीत येईल, पिशवी कशी बदलायची ते मी दाखवते. तो घाबरलेला असतो, लाजतो, विचारत नाही. शेतातून उठून आलेल्या माणसाला त्याच्याच शरीराची गोष्ट त्याच्या बोलीत सांगणं हे औषधाइतकंच गरजेचं आहे, आणि ते तुझ्याइतकं चांगलं कोण करेल?

सध्या शेवटाची पाच घे: आयटिस, एक्टॉमी, ऑस्टॉमी, ऑटॉमी, ऑलॉजी. ती पक्की झाली की अवयव एकेक करून जोडत जा. आणि पुढच्या फोनला कोलेसिस्टेक्टॉमी फोडून सांग. एक्टॉमीचा अर्थ याच पत्रात सापडेल, बाकीचे तुकडे पुस्तकात शोध.

तुझी,
आत्या